गरम झाला की बंद पडणारा कब कॅडेट : एका दुरुस्तीची पूर्ण नोंद

शेजारच्या आजोबांनी मला मे महिन्यात हाक मारली ती ट्रॅक्टर विकायला मदत कर म्हणून. दुरुस्तीचा विषयच नव्हता. "पाच वर्षं झाली, पैसे घालतोय. आता पुरे," असं त्यांचं म्हणणं. ट्रॅक्टर म्हणजे इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कब कॅडेट, मॉडेल १२४. पिवळा-पांढरा, गुडघ्याएवढी मागची चाकं, पोटाखाली गवत कापायचा ४२ इंची डेक. १९६७ ते १९६९ या काळात निघालेलं हे मॉडेल, म्हणजे यंत्राचं वय माझ्याहून जास्त.

आम्ही राहतो इलिनॉय राज्यात, पिओरियाच्या बाहेर. इथे घरामागे एकर-दीड एकर गवत असणं नवलाचं नाही, आणि ते वाढू दिलं तर शेजारी बोलत नाहीत पण बघतात. असल्या अंगणांसाठी आणि घरच्या भाजीपाल्याच्या तुकड्यांसाठी अमेरिकेत हे छोटे 'गार्डन ट्रॅक्टर' निघाले. कब कॅडेटचं उत्पादन १९६० च्या अखेरीस केंटकीतल्या लुइव्हिलच्या कारखान्यात सुरू झालं, तेव्हा त्यात सात अश्वशक्तीचं इंजिन होतं. १२४ मध्ये बारा अश्वशक्तीचं कोहलर के-३०१ : एकच सिलिंडर, हवेवर गार होणारं, ४७६ सीसी. कोहलर म्हणजे तीच, जिचे नळ आणि बेसिन आता पुण्या-मुंबईच्या नव्या फ्लॅटांत दिसतात. या ट्रॅक्टरची खरी ताकद मात्र इंजिनात नसून मागे आहे. फ्लायव्हीलपासून, म्हणजे इंजिनाच्या जड चाकापासून, निघालेला दांडा क्लचमधून थेट बिडाच्या गिअरबॉक्समध्ये जातो. चाकं फिरवायला मध्ये कुठे पट्टाच नाही. म्हणून पन्नास-पंचावन्न वर्षांनीही ही धुडं चालताना दिसतात.

मला त्याचं अप्रूप वेगळ्या कारणाने. इंटरनॅशनल हार्वेस्टर हे नाव मी वाळवा तालुक्यात लहानपणीच ऐकलेलं. महिंद्राने १९६३ साली याच कंपनीशी भागीदारी करून ट्रॅक्टर काढायला घेतले, त्यातला बी-२७५ आमच्या अण्णांनी जुना विकत घेतला होता. गावात त्याला महिंद्रा कुणी म्हणत नसे, 'इंटरनॅशनल' म्हणत. त्यामुळे आजोबांच्या शेडमध्ये बॉनेटवर तेच नाव दिसलं तेव्हा मी विकायचं काम बाजूला ठेवून आधी विचारलं, "होतं काय याला?"

तक्रार, त्यांच्याच तोंडून

गार असताना पहिल्या झटक्यात चालू. वीस-पंचवीस मिनिटं गवत कापतो. मग दम कमी होतो, सायलेन्सरमधून फट-फट आवाज येतो आणि बंद. पुन्हा चालू होत नाही. पाऊण तास थांबलं की जणू काही झालंच नव्हतं असा चालू. नुसता उभा ठेवून चालवला, डेक जोडला नाही, तर तासभरसुद्धा चालतो.

एवढं सांगून झाल्यावर ते सहज म्हणाले, "बॅटरीला दोष देऊ नकोस. बंद पडल्यावर स्टार्टर उलट जास्तच हलका फिरतो."

हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. लिहून ठेवायला हवं होतं. निदान त्यातच होतं आणि ते मला कळायला पुढचे दोन शनिवार गेले.

पिशवीभर सुटे भाग

आजोबांनी काढलेला एकही भाग फेकलेला नव्हता. कागदी पिशवीत ठिणगी पाडणारे भाग, म्हणजे दोन कॉइल, एक कंडेन्सर, पॉइंटचा जुना संच, शिवाय मूळचा कार्टर कार्बोरेटर आणि चार प्लग निघाले. ट्रॅक्टरवर तिसरी कॉइल, नवा कार्बोरेटर आणि कुणीतरी बसवलेला बारा व्होल्टचा पेट्रोल पंप. या मॉडेलची टाकी कार्बोरेटरच्या वर असते, पेट्रोल आपोआप उतरतं. तिथे पंप लावणं म्हणजे उतारावरच्या पाटाला मोटर जोडणं. पंपाच्या दाबाने कार्बोरेटरची सुई जागेवरून ढकलली जात होती, पेट्रोल जास्त जात होतं आणि प्लग काळे पडत होते. काळे प्लग बघून पुढच्या माणसाने नवे प्लग घातले. अशी साखळी.

मी वहीत तारखा मांडल्या. आजोबांकडे पावत्या होत्या, त्यामुळे सोपं गेलं. प्रत्येक दुरुस्तीनंतर "बरा झाला" असा शेरा, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. कॉइल बदलली, बरा झाला. कार्बोरेटर बदलला, बरा झाला. पंप लावला, बरा झाला.

प्रत्येक वेळी बरा कसा होईल? दोष एकच असेल तर सगळी औषधं लागू पडणार नाहीत. थोडा वेळ तसाच बसलो आणि मग हसू आलं. कॉइल बदलायला लागतो अर्धा-पाऊण तास. कार्बोरेटरला तास. तेवढ्यात इंजिन गार होतं. भाग बसवला, चावी फिरवली, चालू झालं, दहा मिनिटं अंगणात फिरवून बघितलं, पैसे दिले. गुण कॉइलचा नव्हता, पाऊण तासाचा होता. दुरुस्ती करणारे लबाड होते असं मुळीच नाही. त्यांनी समोर जे दिसलं त्यावर विश्वास ठेवला. हंगामाच्या शेवटी गवत कमी वाढलेलं असतं, इंजिनावर भार कमी पडतो, म्हणून मधले काही आठवडे तक्रारही नसायची.

यावरून मी एक नियम केला : या ट्रॅक्टरची कुठलीही चाचणी तो गरम होऊन बंद पडल्यावर पाच मिनिटांच्या आत करायची. गार इंजिनावर केलेलं निरीक्षण वहीत लिहायचंच नाही.

गरम असतानाच्या तीन चाचण्या

पहिला शनिवार. आधी तो पंप काढून टाकला, नळी सरळ जोडली. सगळी हत्यारं शेडच्या दारात मांडून ठेवली आणि आजोबांना गवत कापायला पाठवलं. सव्विसाव्या मिनिटाला फट-फट, बंद. धावत गेलो. प्लगच्या वायरला ठिणगी तपासायचा दिवा लावला : ठिणगी जोरदार, निळी. म्हणजे कॉइल, कंडेन्सर, पॉइंट सगळे निर्दोष. कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सैल केला : पेट्रोलची धार. म्हणजे टाकीच्या झाकणाचं भोक बुजून पेट्रोल अडतंय हाही संशय गेला.

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, इंजिन चालत नाही. उरतं काय? दाब.

इथे कोहलरच्या इंजिनाची एक खोड सांगायला हवी, कारण आधीच्या लोकांना तिनेच चकवलं. या मालिकेतल्या बहुतेक इंजिनांत कॅमशाफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर, एक छोटी युक्ती असते. इंजिन हळू फिरत असताना, म्हणजे स्टार्टर मारताना, ती एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळका वायू बाहेर सोडणारी झडप, किंचित उचलून धरते, म्हणजे चालू करायला जोर कमी लागतो. वेग वाढला की ती बाजूला होते. परिणाम असा की कॉम्प्रेशन गेज लावून स्टार्टर मारला तर धडधाकट इंजिनसुद्धा कमी दाब दाखवतं. एका पावतीवर "कॉम्प्रेशन कमी, पण या इंजिनाला चालतं" असं लिहिलेलंही होतं. बिचाऱ्याचं अर्धं बरोबर होतं.

त्यावर उपाय कंपनीनेच सांगितलेला : फ्लायव्हील हाताने उलटं फिरवायचं. उलट्या दिशेला ती युक्ती आड येत नाही. इंजिन ठीक असेल तर चाक दाबावर आदळून मागे उसळी मारतं. सकाळी गार असताना मी करून बघितलं होतं, चांगली उसळी होती. आता हातमोजे घालून गरम इंजिनाचं चाक उलटं ढकललं. उसळी नाही. रिकाम्या रहाटासारखं फिरून गेलं.

"स्टार्टर जास्तच हलका फिरतो" हे तेव्हा डोक्यात पेटलं.

दुसऱ्या शनिवारी पक्कं करून घेतलं. पुन्हा गरम करून बंद पाडला, प्लगच्या जागी हवेची नळी बसवली, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणला, फ्लायव्हील फिरू नये म्हणून अडवून धरलं आणि कॉम्प्रेसरची हवा सोडली. हवा आत कोंडायला हवी. ती सायलेन्सरमधून फुसफुसत बाहेर आली. आजोबांनी सायलेन्सरवर हात धरला आणि म्हणाले, "केस वाळवता येतील." इंजिन तसंच ठेवून तासाने पुन्हा हवा सोडली तर फुसफुस जवळजवळ बंद. गरम असताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, गार झाला की मिटतो. एवढ्याने निदान झालं. आता प्रश्न : का मिटत नाही?

चार थाऊ

के-३०१ हे बाजूच्या व्हॉल्व्हचं इंजिन आहे. व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या झाकणात, नसतात, सिलिंडरशेजारी ब्लॉकमध्येच उभे असतात. तोंड वर, दांडा खाली. दांड्याच्या खाली त्याला वर ढकलणारं टॅपेट. दोघांच्या मध्ये मुद्दाम फट ठेवलेली असते, कारण व्हॉल्व्ह तापला की दांडा लांब होतो आणि त्याला वाढायला जागा लागते. गार इंजिनाला इनटेकची फट ०.००८ ते ०.०१० इंच आणि एक्झॉस्टची ०.०१७ ते ०.०२० इंच. एक्झॉस्टची दुप्पट, कारण त्याच्यावरून जळका वायू जातो.

कार्बोरेटर आणि त्यामागचं ब्रीदरचं झाकण काढलं की टॅपेट दिसतात. फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच, घातलं. इनटेक ०.००९, उत्तम. एक्झॉस्टला सतराचं पातं जाईना. दहाचं जाईना. शेवटी चारचं गेलं, तेही ओढत. चार थाऊ म्हणजे इंचाचे चार हजारांश, मिलिमीटरचा दहावा भाग. तापल्यावर दांड्याला वाढायला जवळजवळ जागाच नव्हती, म्हणून तो खाली टॅपेटवर टेकून व्हॉल्व्हला वरून उघडा धरत होता.

आमच्या 'इंटरनॅशनल'ला बघायला जे मिस्त्री यायचे, त्यांचं एक बोलणं मला चाळीस वर्षांनी तिथे आठवलं. बॉनेटमधून टकटक येते म्हणून अण्णांनी काळजी केली की ते म्हणायचे, "टॅपेट वाजतंय तवर घोर न्हाई. गप बसलं की मातुर बघाय पायजे." आजोबांचा ट्रॅक्टर अगदी शांत चालायचा. त्याचा त्यांना अभिमान होता.

हेड उघडल्यावर

फट जुळवून थांबता आलं असतं. पण एवढी फट मिटली कशाने हे कळल्याशिवाय थांबणं म्हणजे मी पिशवीत आणखी एक पावती टाकण्यासारखं. म्हणून इंजिनावरचे पत्रे काढले, आणि सगळी कहाणी तिथेच पडलेली होती.

हवेवर गार होणाऱ्या इंजिनाला फ्लायव्हीलचा पंखा हवा देतो आणि भोवतालचे पत्रे ती हवा फिन्सवरून, म्हणजे इंजिनाच्या गार करणाऱ्या पातळ कडांवरून, नेतात. हेडच्या फिन्समध्ये गवताचा भुसा आणि तेल यांचा मिळून गोवरीसारखा थर बसलेला. त्यावर उंदराचं घरटं, सीटच्या फोमचं, सुबक विणलेलं. आणि एका बाजूचा आतला पत्रा जागेवर नव्हताच. स्क्रूची भोकं होती, पत्रा नाही. हवा तिथून बाहेर पळत होती, हेडवर जातच नव्हती.

हेडचे बोल्ट सोडवले तर गॅस्केटच्या दोन्ही बाजूंना लाल सिलिकॉन लावलेलं. हे गॅस्केट कोरडंच बसवायचं असतं. म्हणजे हेड आधी कुणीतरी काढलं होतं. विचारल्यावर आजोबांना आठवलं : सहा वर्षांपूर्वी, हा त्रास सुरू व्हायच्या आधी, "व्हॉल्व्ह घासून घेतले होते."

मग क्रम लागला. व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टने सीटवर, म्हणजे तो मिटताना जिथे टेकतो त्या कडेवर, घासला की तो जरा खोल बसतो. खोल बसला की दांडा तेवढा खाली येतो आणि टॅपेटची फट कमी होते. घासल्यावर फट पुन्हा जुळवायची असते. ती जुळवली गेली नाही. पत्रे परत लावताना एक राहून गेला. इंजिन जास्त तापू लागलं, सीट आणखी झिजली, फट आणखी मिटली. त्रास वयाने आला असं सगळे धरून चालले होते. तो आला होता दुरुस्तीने.

व्हॉल्व्हच्या कडेला नखाएवढा फिकट चट्टा होता, ज्वाला तिथूनच निसटत होती. सीटवर बारीक खड्डे. हा व्हॉल्व्ह घासून चालणार नव्हता. नवा मागवला, आणि ब्लॉक मशीन शॉपमध्ये नेऊन ४५ अंशाची सीट कापून घेतली. ब्लॉक न्यायचा म्हणजे इंजिन उतरवावं लागलं. उतरवलंच आहे तर खालून उघडून कनेक्टिंग रॉडही बघावा, असा मोह झाला. या मालिकेतल्या काही इंजिनांत कंपन कमी करायला आत दोन बॅलन्स गिअर असतात आणि ते सुटून ब्लॉक फोडल्याच्या गोष्टी प्रसिद्ध आहेत. पण तेल काढून कापडावर गाळलं, चमचम दिसली नाही. सिलिंडरची झीज मापात होती. नाही उघडलं. जे बिघडलेलं नाही त्याला हात लावून मी आधीच्यांच्याच रांगेत बसलो असतो.

हेडची सपाटी जाड काचेवर ठेवून पाहिली. कोपऱ्यात तीन थाऊचं पातं अडत-अडत जात होतं. तेच काचेवर पॉलिश पेपर चिकटवून, आठच्या आकड्यात हेड फिरवत सपाट केलं. अर्धा तास, खांदे भरून आले. गॅस्केट नवं, कोरडं. बोल्ट ठरल्या क्रमाने, तीन टप्प्यांत, ३० पौंड-फूटपर्यंत.

माझी चूक

टॅपेट जुळवताना मीही चुकलो, ते लिहायलाच हवं. नट फिरवायचे दोन पातळ पाने धरून एक्झॉस्टची फट अठरा थाऊवर आणली, नट आवळला, खात्रीसाठी चाक हाताने पुढे फिरवून पुन्हा मोजली तर आठच. पुन्हा जुळवली. चाक फिरवलं, आता भलतीच सैल. तिसऱ्यांदाही तसंच. नट घसरतोय असं वाटून मी नव्या नटाच्या शोधात निघणार होतो.

चहा पिताना उलगडा झाला. स्टार्टर हलका करणारी ती कॅमवरची युक्ती! पिस्टन वर येत असताना काही अंतर ती व्हॉल्व्ह उचलून धरते. मी चाक साधारण 'वर आला' एवढ्यावर थांबवत होतो, आणि कधी तिच्या कचाट्यात तर कधी बाहेर मोजत होतो. फ्लायव्हीलवरची टी ही पिस्टन अगदी वर असल्याची खूण नेमकी खिडकीत आणून, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले आहेत हे बघून मोजलं, तेव्हा तीन वेळा तेच माप आलं. ज्या खोडीवरून मी दुसऱ्यांना हसलो होतो, तिनेच मलाही अर्धा दिवस नाचवलं.

बाकीचं पटकन झालं. पॉइंटची फट चौदा होती, ती वीस थाऊ केली. जुना कार्टर कार्बोरेटर धुऊन परत लावला. सुईखालच्या कचऱ्याशिवाय त्याला काही झालेलंच नव्हतं. नवा कार्बोरेटर पिशवीत गेला. हरवलेल्या पत्र्यासाठी पुठ्ठ्याचा साचा कापून गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा तुकडा वळवून बसवला. सगळा खर्च, मशीन शॉप धरून, दीडशे डॉलरच्या आत. आधीच्या पावत्यांची बेरीज मी आजोबांना करून दाखवली नाही.

चाचणी

जुलैचा पहिला आठवडा, तापमान ३३ अंश, गवत घोट्याच्या वर. आजोबा बसले, मी घड्याळ घेऊन पायरीवर. पंचवीस मिनिटं झाली तेव्हा दोघेही एकमेकांकडे बघत होतो. चाळीस. पाऊण तास. एक तास वीस मिनिटांनी गवतच संपलं. बंद केला आणि लगेच चावी फिरवली : चालू. पुन्हा बंद करून चाक उलटं ढकललं, अशी उसळी आली की मनगट झिणझिणलं.

दहा तास चालल्यानंतर गार इंजिनावर हेडचे बोल्ट पुन्हा तपासले आणि फट मोजली. अठराची सतरा झाली होती. नवा व्हॉल्व्ह नव्या सीटवर बसताना एवढं सरकणार हे धरलेलं होतं, पण सतरा म्हणजे अगदी काठावर, म्हणून पुन्हा एकोणीस केली. ऑक्टोबरमध्ये डेक उतरवून बर्फाचं पातं जोडायच्या आधी परत मोजली, एकोणीसच. वहीत तेवढी ओळ लिहिली आणि ती वही त्यांच्याच शेडमध्ये खिळ्याला टांगली. ट्रॅक्टर आता किंचित टकटक करतो. आजोबांना ते पहिले काही दिवस खटकत होतं. विकायच्या जाहिरातीचा विषय दोघांनीही नंतर काढला नाही.

नोव्हेंबरात शेड आवरताना रंगाच्या डब्यांखाली एक वाकडा पिवळा पत्रा सापडला. रंगाचे ओघळ पडलेला, चारही स्क्रूंची भोकं शाबूत. कुठला आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं; सहा वर्षांपूर्वी ट्रॅक्टर परत आला तेव्हा ट्रेलरमध्ये पडलेला मिळाला, चांगला पत्रा म्हणून ठेवून दिला. मी केलेला तुकडा काढून तो जागेवर बसवला. चारही भोकं बरोबर जुळली. माझा तुकडा आता डब्यांखाली आहे.